आईच्या थायरॉइडमधील गाठ: अहवालातील ‘टिरॅड्स ४’ म्हणजे नेमका किती धोका?

अंत्रुजची लेक (फोंडा)

सर्वांना नमस्कार. गेल्या महिन्यात आईला (वय ६३) सकाळी उठताना दोन-तीनदा चक्कर आली, म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मानेतील रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी करायला सांगितली. रक्तवाहिन्या व्यवस्थित निघाल्या, परंतु अहवालाच्या अगदी शेवटी दोन ओळी होत्या: थायरॉइडच्या उजव्या खंडात १.३ सेंटिमीटरची भरीव, हायपोएकोइक गाठ, टिरॅड्स ४, एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी) करून घ्यावी. आईला गळ्यात काहीही जाणवत नाही, हाताला गाठ लागत नाही, आवाजही बदललेला नाही.

आम्ही दोन डॉक्टरांना अहवाल दाखवला. पहिल्यांनी सुईची तपासणी करून मोकळे व्हा, असे सांगितले. दुसऱ्यांनी इतक्या लहान गाठीला सुई लावण्याची गरज नाही, वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी करा, असे सांगितले. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांवरही आमचा विश्वास आहे, म्हणूनच गोंधळ अधिक वाढला. माझ्या भावाने ‘पाचपैकी चार’ याचा अर्थ ऐंशी टक्के कर्करोग असा लावला आणि तो दोन रात्री झोपला नाही. आई मात्र चतुर्थी होईपर्यंत या विषयावर बोलायलाच तयार नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे की हा ‘४’ आकडा कसा ठरतो, आणि दोन जाणत्या डॉक्टरांचे मत त्यावरून वेगळे कसे होऊ शकते?

साखळीकर

ताई, आधी एक दिलासा. थायरॉइडमधील दर शंभर गाठींपैकी नव्वद ते पंचाण्णव गाठी साध्या असतात. सोनोग्राफीचे यंत्र फिरवले तर आईंच्या वयाच्या कित्येक स्त्रियांमध्ये एखादी तरी गाठ सापडते. माझा स्वतःचा अनुभव सवडीने लिहितो, तो थोडा लांब आहे.

ध्वनिचित्र (म्हापसा)

मी गेली बावीस वर्षे सोनोग्राफी करतो. आईंना तपासल्याशिवाय त्यांच्याविषयी निर्णय देणे योग्य नाही, परंतु आकड्याचा हिशेब समजावून सांगू शकतो.

टिरॅड्स म्हणजे सोनोग्राफीत गाठ कशी दिसते त्यावरून तिच्या संशयाचा वर्ग ठरवण्याची पद्धत. ‘टिरॅड्स ४’ हे पाचपैकी चार गुण नव्हेत. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी’ या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली, तीत गाठीकडे पाच अंगांनी पाहून गुण देतात. गाठ भरीव असेल तर २ गुण, भरीव व द्रवयुक्त अशी मिश्र असेल तर १, आणि निव्वळ द्रवाची किंवा स्पंजासारखी जाळीदार असेल तर शून्य. गाठ आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळपट दिसली (यालाच हायपोएकोइक म्हणतात) तर २, मानेच्या स्नायूंहूनही काळी दिसली तर ३, ग्रंथीसारखीच किंवा उजळ असली तर १. आडव्या छेदात गाठ रुंद असण्याऐवजी पुढून मागे अधिक खोल असेल, तर एकदम ३ गुण, कारण साधी गाठ बहुधा पेशींच्या नैसर्गिक थरांना धरून पसरते, तर कर्करोगाची गाठ ते थर ओलांडून वाढू शकते. कडा दातेरी किंवा खाचखळग्यांच्या असतील तर २, गाठ ग्रंथीबाहेर गेलेली असेल तर ३. आणि शेवटी पांढरे ठिपके: सुईच्या टोकाएवढे बारीक ठिपके असतील तर ३ गुण, मोठा चुनखडीचा खडा असेल तर १, कडेने चुन्याचे कडे असेल तर २. ठिपक्यामागे धूमकेतूसारखी लांब शेपटी दिसत असेल तर ते बहुधा साचलेल्या कोलॉइडचे (ग्रंथीतील चिकट द्रवाचे) लक्षण असते, त्याला गुण नाहीत.

बेरीज शून्य असेल तर वर्ग १, दोन असेल तर २, तीन असेल तर ३, चार ते सहा असेल तर ४, सात किंवा अधिक असेल तर ५. आईंच्या अहवालात ‘भरीव’ आणि ‘हायपोएकोइक’ एवढेच दोन शब्द आहेत, म्हणजे २ अधिक २ बरोबर ४. चौथ्या वर्गाची ही सर्वांत खालची पायरी झाली. याच पद्धतीच्या एका मोठ्या पडताळणीत, ३,४०० हून अधिक गाठींमध्ये, वर्ग ४ मधील सुमारे ९ टक्के गाठी कर्करोगाच्या निघाल्या, वर्ग ३ मधील सुमारे ५ टक्के आणि वर्ग ५ मधील ३५ टक्के. बंधूंना कृपया सांगा की ऐंशी आणि नऊ यांत फार मोठे अंतर आहे.

आता दोन डॉक्टरांच्या मतभेदाविषयी. याच पद्धतीनुसार वर्ग ४ च्या गाठीला सुई १.५ सेंटिमीटरपासून लावतात, आणि १ ते १.५ दरम्यान असेल तर सोनोग्राफीने लक्ष ठेवतात. वर्ग ३ ला ही मर्यादा २.५ आहे, वर्ग ५ ला १. तेव्हा १.३ सेंटिमीटरच्या गाठीसाठी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला या पद्धतीला धरून आहे. पण अमेरिकन थायरॉइड संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात भरीव, काळपट, गुळगुळीत कडांची गाठ ‘मध्यम संशय’ या गटात येते, तिचा धोका १० ते २० टक्के धरतात, आणि सुईची मर्यादा १ सेंटिमीटर आहे. म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा सल्लाही पुस्तकाबाहेरचा नाही. शिवाय युरोपची टिरॅड्स वेगळी, कोरियाची वेगळी. अहवालात नुसते ‘टिरॅड्स ४’ लिहिणे आणि कोणत्या पद्धतीतील चार हे न लिहिणे, ही आम्हा लोकांची चूक आहे आणि तिचा त्रास रुग्णाच्या घरच्यांना होतो.

आबोली

ध्वनिचित्र डॉक्टर, एवढे सोपे करून आजवर कोणी सांगितले नव्हते. माझ्या अहवालात तीन गाठी आहेत, वर्ग २, ३ आणि ३. तीन गाठी म्हणजे धोका तिप्पट असा माझा समज होता.

ध्वनिचित्र (म्हापसा)

तसे नाही. प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे पाहायची असते. अनेक गाठी असलेल्या माणसाला कर्करोग असण्याची शक्यता एकच गाठ असलेल्या माणसाएवढीच साधारणतः असते. मात्र सर्वांत मोठी गाठ हीच सर्वांत संशयास्पद असते असे समजून बाकीच्यांकडे दुर्लक्ष करू नये. लहान असूनही दातेरी कडांची गाठ आधी पाहावी लागते.

डिचोलीची शिक्षिका

मला येथे दुसरी बाजू मांडायची आहे. वरील आकडे वाचून सर्वांना हायसे वाटले असेल, पण आमच्या घरी जे घडले ते ‘बहुतेक गाठी साध्या असतात’ या वाक्यामुळेच घडले.

माझ्या वहिनीच्या गळ्याला तिच्या चौतिसाव्या वर्षी गाठ दिसू लागली. बाहेरून दिसत होती, गिळताना वरखाली होत होती. एका डॉक्टरांनी हात लावून ‘गलगंड आहे, बायकांना होतो’ असे सांगितले आणि गोळी दिली. सोनोग्राफी सुचवली नाही. दोन वर्षांनी मानेच्या बाजूला, गाठीपासून दूर, आणखी एक टणक गोळा लागू लागला, तेव्हा दुसऱ्या इस्पितळात तपासणी झाली. थायरॉइडचा पॅपिलरी प्रकारचा कर्करोग होता आणि तो मानेच्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) पोहोचला होता. संपूर्ण थायरॉइड काढली, नंतर किरणोत्सारी आयोडीनचे औषध दिले. त्याआधी दोन आठवडे आयोडीनविरहित आहार पाळायचा होता. मासळी बंद, आयोडीनयुक्त मीठ बंद. औषध घेतल्यानंतर काही दिवस तिला वेगळ्या खोलीत राहावे लागले आणि तिची धाकटी मुलगी दाराबाहेर बसून तिच्याशी बोलत असे.

आज सहा वर्षे झाली, वहिनी उत्तम आहे. परंतु ती दोन वर्षे आम्ही उगाच गमावली, हे मी विसरू शकत नाही. म्हणून लेकीला माझे सांगणे आहे की सुई करून घ्या, मनाला शांतता मिळेल.

वास्कोकर

शिक्षिकाताई, वहिनींना आराम पडला हे वाचून मनापासून आनंद झाला. परंतु दोन घटनांत एक महत्त्वाचा फरक आहे आणि तो सर्वांनी लक्षात घ्यावा असे मला वाटते. वहिनींची गाठ दिसत होती, वाढत होती, मानेच्या बाजूला दुसरा गोळा आला होता. तेथे सोनोग्राफी टाळणे ही चूकच होती. लेकीच्या आईंची गाठ दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत योगायोगाने दिसली आहे. या दुसऱ्या प्रकारच्या गाठींच्या मागे लागल्याने काय होते, याचे उदाहरण दक्षिण कोरियात घडले आहे.

तेथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी मोहिमेच्या यादीत नव्हती, पण इस्पितळे थोडे पैसे अधिक घेऊन तीही करून देत. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. त्या एका वर्षात ४०,००० हून अधिक लोकांना निदान झाले. परंतु थायरॉइड कर्करोगाने मरणाऱ्यांची संख्या आधीही वर्षाला तीनशे ते चारशे होती आणि नंतरही तेवढीच राहिली. म्हणजे शोधलेल्या बहुतेक कर्करोगांनी त्या माणसांना कधीच त्रास दिला नसता. शस्त्रक्रिया मात्र झाल्या, आयुष्यभराच्या गोळ्या लागल्या, काहींच्या स्वरयंत्राच्या मज्जातंतूला इजा झाली, काहींच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावून रक्तातील कॅल्शियम कमी झाले.

जपानमधील कोबे येथील कुमा इस्पितळाने उलटा मार्ग धरला. १९९३ पासून त्यांनी १ सेंटिमीटरपर्यंतच्या, निदान झालेल्या पॅपिलरी कर्करोगावर शस्त्रक्रिया न करता केवळ लक्ष ठेवण्याचा पर्याय रुग्णांना दिला. १,२३५ रुग्णांच्या अनुभवात दहा वर्षांत सुमारे ८ टक्क्यांची गाठ ३ मिलिमीटर किंवा अधिक वाढली, ३.८ टक्क्यांना लसिकाग्रंथीत प्रसार दिसला, आणि त्यांतील कोणीही थायरॉइड कर्करोगाने दगावले नाही. विशेष म्हणजे साठीपुढच्या रुग्णांत आजार सर्वांत कमी पुढे सरकला. आईंचे वय ६३ आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. त्यांची गाठ १ सेंटिमीटरपेक्षा थोडी मोठी आहे, तेव्हा हे आकडे तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हेही सांगायला हवे.

कुळागर

मग आमच्या महिला मंडळाने पुढच्या महिन्यात गावात मोफत थायरॉइड सोनोग्राफी शिबिर ठेवायचे ठरवले आहे, ते चुकीचे आहे का? लेकीचा धागा वाचूनच ही कल्पना अधिक पटली होती.

वास्कोकर

हेतू उत्तम आहे, पण ज्यांना काही त्रास नाही, गळ्याला गाठ लागत नाही, घराण्यात थायरॉइडचा कर्करोग नाही, लहानपणी मानेला किरणोपचार झालेला नाही, अशांची सरसकट सोनोग्राफी करू नये. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाने २०१७ मध्ये अशा तपासणीविरुद्ध स्पष्ट शिफारस केली आहे. त्याऐवजी मंडळाने रक्तदाब आणि साखर पाहावी, आणि स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी ठेवावी. तेथे लवकर शोध लागल्याने जीव वाचतात.

कुळागर

मंडळापुढे हे वाचून दाखवते. धन्यवाद.

मिठागराची वाट (पेडणे)

थोडा वेगळा, पण लागूनच असलेला प्रश्न. आमच्या आगरवाड्याच्या बाजूला अजूनही मिठागरे चालतात आणि आमच्या घरात लोणचे, खारवलेली मासळी आणि कधी कधी रोजचे जेवणही त्याच मिठाचे असते. समुद्राचे मीठ आहे आणि आम्ही मासळी खातो, म्हणजे आयोडीन भरपूर मिळत असणार, असे आमचे वडील सांगत. हे खरे आहे का, आणि याचा गाठींशी संबंध आहे का?

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजीत काम करते. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते, पण मीठ तयार होताना त्यातील फारच थोडे मिठात उरते. म्हणूनच थेट खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिठात आयोडीन मिसळणे आपल्याकडे २००६ पासून देशभर बंधनकारक आहे. समुद्रातील मासळीतून आयोडीन मिळते, तेव्हा रोज मासळी खाणाऱ्या घराची स्थिती डोंगराळ भागातल्या घरापेक्षा बरी असते, परंतु जे मासळी खात नाहीत आणि मीठही आगरातीलच वापरतात, त्यांनी रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठ घ्यावे. लोणच्याला आगरातील मीठ वापरण्यात काहीच गैर नाही.

आयोडीन कमी असलेल्या भागांत गलगंड आणि अनेक गाठींची थायरॉइड अधिक आढळते, आणि कर्करोगांमध्ये फॉलिक्युलर प्रकाराचा वाटा वाढतो. पुरेसे आयोडीन मिळणाऱ्या भागांत पॅपिलरी प्रकार अधिक दिसतो, जो तुलनेने सौम्य असतो. पण झालेली गाठ आयोडीनच्या गोळ्यांनी विरघळत नाही, उलट जास्त आयोडीनमुळे ग्रंथी बिघडू शकते. ही चूक फार लोक करतात.

आता सुईविषयी, कारण अहवाल आला की दुसरा गोंधळ तेथून सुरू होतो. एफएनएसीची सुई रक्त घेण्याच्या सुईपेक्षाही अनेकदा बारीक असते. सोनोग्राफीत पाहत गाठीत दोन ते पाच वेळा सुई घालून पेशी घेतात. थोडे दुखते आणि एखादा निळसर डाग राहतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आधी सांगावे. आमच्याकडे पेशी पसरलेली काच आली की प्रथम आम्ही पेशी पुरेशा आहेत का हे मोजतो: किमान सहा समूह आणि प्रत्येकात दहाएक पेशी. त्या नसतील तर ‘अपुरा नमुना’ असे लिहितो, आणि त्याचा अर्थ ‘कर्करोग नाही’ असा होत नाही.

निकाल बेथेस्डा पद्धतीने सहा वर्गांत देतात. तिच्या २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीनुसार प्रौढांमध्ये कर्करोगाचा सरासरी धोका असा आहे: पहिला वर्ग, अपुरा नमुना, १३ टक्के, दुसरा, साधी गाठ, ४, तिसरा, अनिश्चित बदल, २२, चौथा, फॉलिक्युलर गाठ, ३०, पाचवा, संशयास्पद, ७४, सहावा, कर्करोग, ९७. हे आकडे मुख्यतः ज्यांच्या गाठी नंतर शस्त्रक्रियेने काढल्या त्यांच्यावरून आलेले आहेत. साध्या निघालेल्या गाठींपैकी ज्या चिंताजनक वाटल्या त्याच काढल्या जातात, म्हणून दुसऱ्या वर्गाचा खरा धोका चार टक्क्यांहूनही कमी असतो.

चौथ्या वर्गात आमची स्वतःची मर्यादा आहे. फॉलिक्युलर गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे पेशींच्या रूपावरून ठरत नाही. गाठीचे आवरण किंवा रक्तवाहिनी तिने भेदली आहे का, यावरून ते ठरते, आणि ते पाहायला संपूर्ण गाठ काढून तिचे काप पाहावे लागतात. सुईने ते दिसू शकत नाही, कितीही चांगली सुई असो आणि कितीही अनुभवी डोळे असोत.

साखळीकर

सूक्ष्मदर्शीताईंनी माझीच कथा सांगितल्यासारखे झाले. माझी गाठ २.१ सेंटिमीटरची होती, सुईचा निकाल बेथेस्डा ३ आला. ज्या इस्पितळात मी होतो तेथे आठ दिवसांत शस्त्रक्रियेची तारीख दिली. पुन्हा सुई करता येते, किंवा निदान दुसऱ्या पॅथॉलॉजी तज्ज्ञाला काच दाखवता येते, हे मला कोणीच सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. संपूर्ण थायरॉइड काढली. अंतिम अहवालात साधी गाठ निघाली. आता रोज पहाटे उपाशीपोटी गोळी घेतो, चहा अर्ध्या तासाने. पहिले सहा महिने कॅल्शियम कमी होऊन ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येत, ते आता थांबले आहे.

मी कोणावर राग धरलेला नाही. परंतु निदान अर्धीच ग्रंथी काढून चालले असते का, हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता असे आजही वाटते. ज्यांचा निकाल तिसऱ्या वर्गात येईल त्यांनी हे तीन प्रश्न जरूर विचारावेत: पुन्हा सुई करता येईल का, काच दुसऱ्यांना दाखवता येईल का, आणि एका बाजूचीच ग्रंथी काढून भागेल का.

डिचोलीची शिक्षिका

साखळीकर, तुमचा अनुभव वाचून मी माझे मत थोडे बदलते आहे. ‘सुई करून घ्या’ हे मी लिहिले तेव्हा सुईनंतर कोणत्या दारांतून जावे लागू शकते, याचा विचार केला नव्हता. तरीही गाठ लागत असेल तर सोनोग्राफीशिवाय कोणी घरी पाठवू देऊ नये, हे मी पुन्हा सांगेन.

ध्वनिचित्र (म्हापसा)

शिक्षिकाताईंच्या त्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. लेकीला आता माझे काही प्रश्न आहेत. टीएसएच (थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनची रक्तचाचणी) पाहिला आहे का? तो कमी असेल तर आधी थायरॉइडचा स्कॅन करतात, कारण स्वतःच भरपूर हार्मोन तयार करणारी ‘उष्ण’ गाठ क्वचितच कर्करोगाची असते आणि तिला सुई लावावी लागत नाही. दुसरे, डॉप्लर करताना रक्तवाहिन्यांकडे लक्ष असते, थायरॉइडकडे ओझरते. कडा, आकार, ठिपके आणि मानेच्या लसिकाग्रंथी यांचा उल्लेख त्या अहवालात नाही, तेव्हा केवळ थायरॉइडची आणि मानेची स्वतंत्र सोनोग्राफी करून घ्या. उल्लेख नाही याचा अर्थ दोष नाही असा मी धरला होता, पण ते पाहून ठरवावे. तिसरे, घराण्यात कोणाला थायरॉइडचा कर्करोग?

अंत्रुजची लेक (फोंडा)

टीएसएच २.१, म्हणजे व्यवस्थित आहे. घराण्याविषयी मात्र तुम्ही विचारल्यावर छातीत धस्स झाले. मोठ्या मामांचे पंचवीस वर्षांपूर्वी ‘घशाचे ऑपरेशन’ झाले होते. कशाचे, ते घरात कोणालाच ठाऊक नाही आणि मामा आता हयात नाहीत.

सूक्ष्मदर्शी

मामींकडे जुने कागद असतील तर शोधा, विशेषतः काढलेल्या ग्रंथीचा हिस्टोपॅथॉलॉजी अहवाल. हे महत्त्वाचे आहे. ‘घशाचे ऑपरेशन’ म्हणजे साधा गलगंडही असू शकतो. पण मेड्युलरी नावाचा एक विरळ प्रकार आहे, तो ‘रेट’ या जनुकातील बदलामुळे काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तसे असेल तर रक्तातील कॅल्सिटोनिन (या प्रकारात वाढणारे हार्मोन) तपासावे लागते आणि जवळच्या नातेवाइकांची जनुकीय चाचणीही. कागद हाती आल्याशिवाय काळजी करू नका, पण कागद शोधल्याशिवाय राहूही नका.

आबोली

एक शंका. मला एका नातेवाइकांनी गाठ ‘जिरवण्यासाठी’ थायरॉक्सिनची (थायरॉइड हार्मोनची) गोळी घ्यायला सांगितली आहे. माझा टीएसएच व्यवस्थित आहे.

ध्वनिचित्र (म्हापसा)

पूर्वी तशी पद्धत होती. आता पुरेसे आयोडीन मिळणाऱ्या लोकांत साध्या गाठीसाठी ती गोळी देऊ नये, असेच मार्गदर्शन आहे. लाभ थोडा होतो, आणि टीएसएच दाबून ठेवल्याने हृदयाची लय बिघडणे व हाडे ठिसूळ होणे हे धोके वाढतात. वहिनींना किंवा साखळीकरांना मिळते ती गोळी वेगळ्या कारणासाठी आहे, त्यांच्याकडे ग्रंथीच नाही.

अंत्रुजची लेक (फोंडा)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. चतुर्थी पार पडली आणि आईने आपणहून विषय काढला.

मामींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडून दिली. लग्नपत्रिका, मीटरची बिले आणि त्याखाली मामांची फाइल. हिस्टोपॅथॉलॉजीचा कागद पिवळा पडला होता, पण टंकलेली अक्षरे स्पष्ट होती: कोलॉइड गॉयटर (म्हणजे साधा गलगंड), कर्करोगाचा पुरावा नाही. मामींना इतकी वर्षे वाटत होते की मामांना कर्करोगच होता आणि तो कापून काढला. कागद वाचून दाखवला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

थायरॉइडची स्वतंत्र सोनोग्राफीही झाली. गाठ उभ्या दिशेने १.३, रुंदीला १.१ आणि खोलीला ०.८ सेंटिमीटर आहे, कडा गुळगुळीत, बारीक ठिपके नाहीत, लसिकाग्रंथी नेहमीसारख्या. बेरीज तीच, चार. या वेळी अहवालात पद्धतीचे नावही लिहिले आहे.

मग आम्ही आईला घेऊन गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीत गेलो. तेथील डॉक्टरांनी दोन्ही वाटा समोर ठेवल्या आणि दोन्ही योग्य आहेत असे सांगितले. आईने एकच प्रश्न विचारला: “वर्षभर थांबले आणि ती वाईट निघाली, तर थांबल्यामुळे माझे नुकसान होईल का?” त्यांनी सांगितले की अशा दिसणाऱ्या, एवढ्या लहान गाठीत वर्षभराच्या थांबण्याने उपचार किंवा परिणाम बदलण्याची शक्यता फार कमी असते, आणि आवाज बसला, गिळताना अडले किंवा मानेत गोळा लागला तर वर्षाची वाट न पाहता यायचे. आईने थांबायचे ठरवले. भावाला सुईच हवी होती. पण मान आईची आहे आणि निर्णय तिने सर्व ऐकून घेतला आहे, हे त्याने मान्य केले.

आता शेवटचा प्रश्न. पुढच्या वर्षी माप १.४ आले तर गाठ ‘वाढली’ असे समजायचे का?

ध्वनिचित्र (म्हापसा)

नाही. यंत्र धरण्याच्या कोनानेही एका मिलिमीटरचा फरक पडतो. तीन मापांपैकी किमान दोन मापे २० टक्क्यांनी आणि निदान २ मिलिमीटरने वाढली, किंवा एकूण घनफळ ५० टक्क्यांहून अधिक वाढले, तरच ती वाढ धरतात. म्हणून एकच आकडा लिहिलेला अहवाल घेऊ नका, तिन्ही मापे मागून घ्या. शक्य तर त्याच ठिकाणी तपासणी करा आणि चित्रांची सीडी किंवा फिल्म जपून ठेवा. ही तपासणी साधारण पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी होते, आणि प्रत्येक वेळी तुलना केवळ आदल्या अहवालाशी न करता या पहिल्या अहवालाशीही करायला सांगा. हळूहळू झालेली वाढ दर वर्षीच्या तुलनेत निसटू शकते.

अंत्रुजची लेक (फोंडा)

तिन्ही मापे आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत. मामांचा कागदही त्याच फाइलमध्ये लावला आहे, आणि त्याची एक प्रत मामींच्या दोन्ही मुलांना पाठवली आहे.